बाबांच्या ट्रकवर सात लाख घालावेत का?

इंदूरच्या सुदामा नगरातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"बाबांचा १९६६चा टाटा-मर्सिडीज ट्रक देवास नाक्याजवळ काकांच्या गोदामाच्या आवारात बरीच वर्षं उभा आहे. याच ट्रकवर बाबांनी इंदूर-मुंबई लाइन केली, आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं केली. गेल्या वर्षी ते गेले. मिस्त्री पूर्ण दुरुस्तीचे ७ लाख सांगतो. ४ लाखांची एफडी मोडावी आणि बायकोच्या दागिन्यांवर ३ लाखांचं गोल्ड लोन घ्यावं असं मनात आहे. लग्नांना, शूटिंगला भाड्याने दिला तर महिन्याला २० हजार सुटतील, व्हिंटेज म्हणून किंमतही वाढेल. ए.बी. रोडवरचा एक हॉटेलवाला विकत घेऊन दारात उभा करायला अडीच लाख देतोय, भंगारवाला सव्वा लाख. पगार हातात ९२ हजार येतो, घराचा हप्ता २४ हजार आहे, एफडी एकूण ८ लाख. मुलगी अकरावीत. काका पुढच्या वर्षी गोदाम विकणार आहेत. पुण्याचा भाऊ म्हणतो वेडेपणा आहे, ग्वाल्हेरची बहीण म्हणते कर. आई काहीच बोलत नाही."

सात लाख घालू नका. भंगारवाल्यालाही देऊ नका. मधला एक रस्ता आहे आणि तो पावणेदोन लाखांत बसतो. पण आधी एक प्रश्न, जो तुमच्या पत्रात कुठेच नाही: हा ट्रक आहे कुणाचा?

आरसी बुकावर अजून बाबांचंच नाव असणार. त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर वारसा कायद्याने आई, तुम्ही, भाऊ आणि बहीण असे चार सारखे वाटे होतात. म्हणजे सात लाख तुमचे आणि ट्रक पाव तुमचा. आज कुणी काही म्हणणार नाही. रंग लावून ट्रक चमकायला लागला आणि एखाद्याने सहा लाख देऊ केले, की मग बोलणं सुरू होतं. म्हणून तिघांचं ना-हरकत शपथपत्र घ्या आणि फॉर्म ३१ भरून ट्रक आपल्या नावावर करा. मालक वारल्यापासून ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत हा अर्ज करायचा असा नियम आहे. मुदत टळली आहे, तेव्हा उशिराचं शुल्क भरावं लागेल. त्याच फेरीत जुना रोड टॅक्स थकला आहे का आणि गाडीची नोंद सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर चढली आहे का, हेही विचारून घ्या. गाडी उभी होती म्हणून टॅक्स आपोआप माफ होत नाही. ती वापरात नाही असं बाबांनी लेखी कळवलं होतं का, यावर ते ठरतं. थकबाकी मोठी निघाली तर पुढचं सगळं गणित बदलेल.

आता 'व्हिंटेज' या शब्दाकडे येऊ, कारण तुमची निम्मी योजना त्याच्यावर उभी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली गाडी, 'व्हीए' अक्षरांची नंबर प्लेट, २० हजार फी, दहा वर्षांची मुदत. पण ही सोय दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरती आहे. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्याला लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला, तिथलं वैभव पाहून कुणालाही वाटेल की आपल्याकडेही खजिना पडलाय. पैसेवाला संग्राहक मोटारींमागे असतो. दहा टनी ट्रक ठेवायला त्याच्याकडेही जागा नसते.

कायद्याच्या नजरेत तुमची गाडी म्हणजे एक म्हातारा मालट्रक, एवढंच. रस्त्यावर आणायची तर दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट. पंधरा वर्षांवरच्या अवजड गाड्यांची ही फी २०२१च्या अधिसूचनेने १२,५०० केली आणि त्यानंतर जास्त जुन्या गाड्यांचे दर आणखी चढले, तेव्हा आजचा आकडा परिवहनच्या साइटवर बघून घ्या. नॅशनल परमिट साध्या ट्रकला वयाच्या बारा वर्षांपर्यंतच मिळतं. राहिली लग्नं. नवरदेवाची मित्रमंडळी हौद्यात चढणारच, त्यांना कोण अडवणार? आणि मालवाहू ट्रकमध्ये माणसं बसवून काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल. तुमचे महिन्याचे २० हजार मी शून्य धरतो. वर्षाकाठी दोन-चार शूटिंग मिळाली, ट्रक ट्रेलरवर चढवून नेला, तर तो बोनस समजा.

मिस्त्रीचं एस्टिमेट पाठवलंत ते बरं केलंत. इंजिन १,९०,०००, पंप-नोझल ४५,०००, क्लच-गिअरबॉक्स ६०,०००, ब्रेक आणि किंगपिन ६०,०००, टायर १,००,०००, केबिन आणि बॉडी १,७५,०००, वायरिंग आणि रंग ७०,०००. माणूस प्रामाणिक दिसतो, बेरीज बरोबर सातच येते. पण इंजिन न उघडता दिलेला हा अंदाज आहे. लाइनर-पिस्टन नवे पडतील, क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) खरादवर घासली की त्या मापाची अंडरसाइज बेअरिंग बसतील, इथवर ठीक. पण आपल्याकडे रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं पाणीच घातलेलं असतं, तेव्हा इंजिनचा ब्लॉक गंजाने आतून किती खाल्लाय ते हेड उतरल्यावरच कळेल. टायरचा आकडा तर मला कमीच वाटतो. स्टेपनीसकट सात टायर, ट्यूब आणि फ्लॅप त्यात धरले आहेत का, हे विचारा. जुन्या वीस इंची रिमची लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर अडकवून धरणारी कडी, गंजलेली असली तर हवा भरताना ती उडून माणसाचा जीव जातो. त्या रिंगा बदलायच्याच, त्यात काटकसर नको.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे: गाडी टाटाची आहे. डाइमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षांचा होता, पण त्याच घराण्यातली इंजिनं टाटाने पुढेही बरीच वर्षं चालवली. मिस्त्री लोकांचा हात त्यावर बसलेला आहे आणि सामान शोधलं तर मिळतं. हाच ट्रक डॉज, फार्गो किंवा बेडफर्ड असता तर एका गिअरसाठी भंगार बाजार पालथे घालावे लागले असते. शिवाय त्या काळी बहुतेक ट्रक नुसती चेसिस म्हणून विकले जात आणि लाकूड-पत्र्याची केबिन गावातला बॉडीवाला बांधे. त्यामुळे 'कंपनीची केबिन' शोधत फिरायचं कारण नाही. चांगला सुतार आणि चांगला डेंटर इंदुरातच मिळेल.

आता तो हॉटेलवाला बघा. बंद पडलेल्या, हवा गेलेल्या ट्रकचे तो अडीच लाख देतोय. त्याला इंजिन नकोय. त्याला नाकावरचा मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा हवाय, पुढचं लांब बॉनेट हवंय, गिऱ्हाइकाने समोर उभं राहून सेल्फी काढावी एवढंच हवंय. बाजार या ट्रकच्या तोंडवळ्याचे पैसे देतो. तुमच्या सात लाखांपैकी साडेचार लाखांच्या वर मात्र जातात इंजिन, पंप, गिअरबॉक्स, ब्रेक आणि टायरवर, जे कुठलाच गिऱ्हाईक भरून देणार नाही. याला गुंतवणूक म्हणू नका. हौस म्हणा, आणि हौसेला जेवढं बजेट असतं तेवढंच द्या.

आणि खर्च दुरुस्तीवर थांबत नाही. काकांचं गोदाम गेलं की ट्रक उभा कुठे करणार? देवास नाक्याला किंवा ट्रान्सपोर्ट नगरात महिन्याला ४ हजारांत जागा मिळाली असं धरलं तरी वर्षाचे ४८ हजार झाले. गोल्ड लोनचं व्याज दहा टक्के धरलं तर ३० हजार. गाडी न हलता वर्षाला पाऊण लाखाच्या वर खाते, विमा आणि बॅटरी निराळी. दुसरीकडे, हेच सात लाख सात टक्के चक्रवाढीने आठ वर्षांत बारा लाख होतात. ते जाऊ दे, कारण ही एफडी तशीही आठ वर्षं राहणार नाही. मुलगी अकरावीत आहे, दोन वर्षांत कॉलेजची पहिली फी भरायची आहे आणि तुमच्याकडे हाताशी असलेला पैसा म्हणजे हे आठ लाख. त्याला हात लावू नका. दागिन्यांबद्दल बायकोला विचारलंत का, तेही पत्रात नाही.

मी असं करेन. पावणेदोन लाख, दोन वर्षांत, फक्त नोकरीतल्या बोनसमधून. कागद झाले की पहिलं काम केबिनच्या छताचं, कारण पावसाचं पाणी तिथूनच आत जाऊन लाकूड सडवतं. मग गाडी ठोकळ्यांवर उचलून टायरवरचा भार काढा. इंजिनला सेल्फ मारायची घाई कुणालाही करू देऊ नका. नोझल काढून सहाही सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, काही दिवस मुरू द्यायचं आणि मग हाताने फिरवून बघायचं. फिरलं तर पंप उतरवून कॅलिब्रेशनला द्या. आवारात स्टार्ट होणारा ट्रक एवढंच लक्ष्य ठेवा. फिरलंच नाही तर इंजिन तसंच राहू द्या आणि पैसे केबिनवर घाला.

हॉटेलवाल्याला नाही म्हणू नका. विकण्याऐवजी तीन वर्षांच्या करारावर ट्रक त्याच्या दारात उभा करायला द्या: वर शेड त्याची, रंगरंगोटी त्याची, मालकी तुमची, नुकसानीची जबाबदारी त्याची, सगळं स्टँप पेपरवर. तुमचा जागेचा खर्चही वाचेल. तारा आणि जुने मीटर मात्र काढून घरी आणा आणि तिथे नकला बसवा, मूळ वस्तू आठवड्यात नाहीशा होतात. तो कराराला तयार नसेल आणि आई-भाऊ-बहिणीचं विकायचं ठरलं, तर तीन-सव्वातीन लाखांवर घासाघीस करा. ट्रक बाबांच्या धंद्याच्या हिशेबात दाखवलेला होता का, एवढं सीएला विचारून घ्या, कर त्यावर ठरेल. आणि कधी मोडीतच काढायची वेळ आली तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे नको, नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे डिपॉझिट सर्टिफिकेट मिळतं, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते आणि चेसिस नंबर बाबांच्या नावावर फिरत राहत नाही.

या रविवारी गोदामात जाऊन चेसिस आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या आणि आरसीशी ताडून बघा. अशा गाड्यांचं इंजिन मधे कधीतरी बदललेलं असतं आणि बुकावर चढवायचं राहून गेलेलं असतं. नंबर जुळेपर्यंत मिस्त्रीला अ‍ॅडव्हान्स देऊ नका. आणि जाताना आईला सोबत घेऊन जा, तिचं म्हणणं अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. चौथा वाटा तिचाही आहे.