काकूला कथेत घ्यायचं की नाही?

श्रावण संपत आला की एक ठरावीक चिंता घेऊन माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. दिवाळी अंकासाठी कथा पाठवलेली असते, संपादकांचा होकार आलेला असतो आणि नेमकी तेव्हापासून झोप उडालेली असते. "मॅडम, कथा माझ्या घरातलीच आहे. नावं बदलली आहेत, पण ओळखणारे ओळखतीलच." कुणी दारूत बुडालेल्या वडिलांवर लिहिलेलं असतं, कुणी सोडून आलेल्या सासरावर, कुणी शेताच्या वाटणीनंतर बदललेल्या भावावर. नागपूर कितीही पसरलं तरी ओळखीपाळखीचंच शहर आहे. महालातली गोष्ट संध्याकाळपर्यंत त्रिमूर्तीनगरात पोहोचते. त्यामुळे ही भीती मला कधीच पोकळ वाटत नाही. फक्त ती दिसते तशी नसते, एवढं अनुभवानं कळलं आहे.

शुभदाचं उदाहरण सांगते. हे तिचं खरं नाव नाही. तिची नोकरी, वाडा, घरातल्या माणसांची नाती यांत मी बदल केले आहेत, काही तपशील दुसऱ्यांच्या अनुभवांतले मिसळले आहेत आणि हा मजकूर आधी तिला वाचायला दिला आहे. आमच्या कामात एवढं करावंच लागतं.

शुभदा पंचेचाळिशीची, बँकेत अधिकारी. तिची कथा महालातल्या एका वाड्यातली होती. एकत्र कुटुंब, थोरली काकू आणि तिच्या कमरेची कोठीची किल्ली. धाकट्या जावेच्या माहेरची माणसं आली की चहाच्या साखरेसाठीसुद्धा त्या जावेला काकूपुढे उभं राहावं लागे. ती धाकटी जाऊ म्हणजे शुभदाची आई. ती जाऊन बरीच वर्षं झाली. काकू मात्र आहे, मुलाकडे मनीषनगरला.

कथा मी वाचली. नेटकी होती. वाचून काकूचा संताप येत होता.

"काकू वाचतील?" मी विचारलं.

"तिला आता दिसत नाही फारसं. पण सून वाचून दाखवेल."

"मग?"

"बोलणार नाही माझ्याशी कधी."

"आता बोलतात?"

"रोज फोन असतो ना तिचा. जेवली का गं म्हणून."

मी थांबले. कथेतली ती बाई कुणाला 'जेवली का' असं विचारेल, हे मला अजिबात वाटलं नव्हतं. मग मी तिला एकच प्रश्न दिला आणि उत्तराची घाई केली नाही: कथेत ती लहान मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं बघते, त्यापलीकडे ती काय करते?

मी माणसाकडे त्याच्या घरासकट बघते. दुखणं एकट्याचं म्हणून समोर येतं, पण त्याची मुळं घरातल्या कुणाकुणाच्या बाजू घेण्यात असतात. मुलं फार लवकर बाजू घेतात, आणि एकदा घेतली की पन्नाशीपर्यंत सोडत नाहीत. माझ्या या पद्धतीला उशीर लागतो, असं काही जण म्हणतात. लागतो. पण शुभदासारखं माणूस समोर असलं की त्या उशिराचं सार्थक होतं.

मी तिला आणखी एक काम दिलं होतं. सलग चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं घड्याळ लावून त्या वाड्याबद्दल लिहायचं, कुणालाही न दाखवण्यासाठी. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये एका सहकाऱ्याबरोबर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडून असंच लिहून घेतलं होतं. अवघड अनुभवांबद्दल लिहिणाऱ्यांना लगेच बरं वाटलं नाही, उलट लिहून झाल्यावर उदासच वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. म्हणून मी आधीच सांगून ठेवते, पहिले दोन दिवस त्रास होईल.

शुभदाला झाला. तिसऱ्या दिवशीच्या पानावर उन्हाळ्यातली एक दुपार आली. कूलरच्या घरघरीत सगळं घर झोपलेलं. काकू हळूच कोठी उघडते, खोबऱ्याची वडी शुभदाच्या हातावर ठेवते आणि म्हणते, इथेच खा, पोटभर. असं एकदा नाही, कितीदा तरी. शुभदा खायची, तोंड पुसायची आणि आईशेजारी जाऊन झोपायची. आईला तिनं कधीच सांगितलं नाही.

हे सांगताना ती खूप रडली. मधेच म्हणाली, "परवा भाचीला घेऊन मारबतीची मिरवणूक पाहायला गेले होते. गर्दीत उभी होते आणि एकदम लक्षात आलं, मॅडम, मी काकूची मारबत केली. घरातलं सगळं वाईट एकटीवर लादलं आणि वाड्याबाहेर काढून दिलं."

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते. 'इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणत लोक मोठाले पुतळे मिरवत नेतात आणि शेवटी जाळतात. काळी मारबत भोसले घराण्यातल्या बाकाबाईची, तिनं इंग्रजांशी हातमिळवणी केली म्हणून काढतात, असं सांगतात. म्हणजे ती बाईही एकेकाळी या शहरात वावरलेली, हाडामासाचीच.

शुभदाचं ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. इतकी वर्षं हे काम करताना मला जे सांगायचं होतं, ते तिनं स्वतःहून म्हटलं. काकू कथा ओळखेल याची तिला भीती नव्हतीच. काकू स्वतःला कथेत शोधेल आणि तिला ती वडी सापडणार नाही, याची होती. आणि वडी लिहायची तर आईशी बेइमानी. काकूला थोडं चांगलं म्हटलं की आई एकटी पडेल, असं आत बसलेल्या त्या लहान मुलीला वाटत होतं. म्हणून तिनं कथेत काकूला दगड केलं होतं.

"मग कथा परत मागवू का?" तिनं विचारलं.

"कशाला? कुलूप खोटं होतं का? साखरेसाठी आईला उभं राहावं लागलं, ते खोटं होतं? ते राहू द्या. जे लिहायचं टाळलंत, तेही येऊ द्या."

असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच विचारते: ही कथा वाचून त्या माणसानं काय करावं, असं तुम्हाला वाटतं? माफी मागावी, लाजावं, इतरांनी त्याला बोलावं, असं उत्तर आलं तर ते पत्र आहे. पत्र लिहा, हवं तर पाठवा, नाहीतर समोर बसून बोला. छापायची घाई करू नका.

नाव बदलून भागत नाही. माणूस ओळखू येतो तो त्याच्या लकबीतून, कुड्यांतून, ठरलेल्या वाक्यातून, गल्लीतून. व्यवसाय बदला, नातं बदला, काकूची आत्या करा. शुभदानं कथा महालातून काढून उमरेडला नेली, आणि तिच्याच म्हणण्याप्रमाणे तिथे गेल्यावर काकू तिला जास्त स्पष्ट दिसायला लागली. दुसऱ्याचं गुपित, जे तुम्हाला विश्वासानं सांगितलं गेलं, ते कथेला कितीही शोभलं तरी घेऊ नका. आणि स्वतःच्या लहान मुलांबद्दल लिहिणाऱ्यांना मी स्पष्टच थांबवते. त्यांना नाही म्हणता येत नाही.

कायद्याचं एक सांगायला हवं, कारण 'खरं आहे ना, मग काय?' हे मी सारखं ऐकते. बदनामीची तरतूद 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. त्यात नुसतं खरं असणं पुरत नाही, ते सार्वजनिक हितासाठी असावं लागतं. जवळच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केलेली मृत व्यक्तीची बदनामीही त्यात येते. शंका असेल तर छापण्याआधी वकिलाला दाखवा.

शक्य असेल तिथे मात्र त्या माणसाला आधी सांगा. जिथे मारहाण झाली, अत्याचार झाला, तिथे हा सल्ला नाही. तिथे कुणाच्या परवानगीची गरज नाही, आणि त्या माणसाला एकटीनं भेटायला तर मुळीच जाऊ नये.

शुभदा मनीषनगरला गेली आणि नवी कथा तिनं काकूला स्वतः वाचून दाखवली. काकूनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "कुलूप तुझ्या आजीचं होतं गं. किल्ली तेवढी माझ्या कमरेला. हे काहून नाही लिहिलं?" मग एकच गोष्ट काढायला सांगितली, काकांच्या कर्जाचा उल्लेख. शुभदानं तो काढला आणि आजीला आणलं. या सगळ्यात त्या वर्षीचा अंक हुकला. कथा पुढच्या दिवाळीत आली. आजीबद्दल असं लिहिलं म्हणून एक चुलतभाऊ अजून बोलत नाही. शुभदा त्याला दर सणाला फोन करते, तो उचलत नाही, आणि आता तेवढ्यानं तिची झोप उडत नाही.