एका घाटानं उतरा, दुसऱ्यानं चढा : सुट्टीतल्या गाडीप्रवासाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही घरातले सहाजण, त्यात सासू-सासरे आणि दोन मुलं. मे महिन्यात तीन दिवस मिळतायत. दरवर्षी गोव्याला जातो आणि हायवेवरच निम्मा दिवस जातो. यावेळी गाडीतनं बाहेर बघावंसं वाटेल असा रस्ता सांगा. (राजारामपुरीतल्या एक वाचक ताई)

उत्तर : ताई, तुम्ही कोल्हापुरात राहता, म्हणजे या बाबतीत निम्म्या महाराष्ट्रापेक्षा तुम्ही नशीबवान आहात. आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली, तिलारी, कोकणात उतरायला एवढे घाट आपल्या जिल्ह्याला नाहीतर त्याच्या कडेला लागून आहेत, आणि तरी आपण सगळे एकाच रस्त्यानं जातो आणि त्याच रस्त्यानं परत येतो. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, एका घाटानं उतरा आणि दुसऱ्यानं चढा, मग जाताना बघितलेलंच येताना परत बघावं लागत नाही आणि समुद्र गाठायची घाई पण आपोआप कमी होते.

तुमच्यासाठी मी गगनबावड्यानं उतरायचं आणि फोंड्यानं चढायचं असं सुचवेन. पहिल्या दिवशी दुपारचं जेवण घरीच करून चार वाजता निघा. फुलेवाडी, बालिंगा, कळे करत गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर, आरामात संध्याकाळच्या आत पोचता. मुक्काम तिथंच करा. म्हातारी माणसं बरोबर असली की मे महिन्यात कोकणात दोन रात्री काढणं जड जातं, खाली घामानं जीव नको होतो आणि वर गगनबावड्याला रात्री अंगावर पांघरूण घ्यावं लागतं. संध्याकाळी गगनगडाच्या बाजूला जाऊन कोकणाकडं बघत बसा, तेवढंच करा, पहिल्या दिवशी त्याच्यापेक्षा जास्त काही नको.

दुसऱ्या दिवशी नाष्टा करून सकाळीच घाट उतरा. गगनबावड्याच्या पुढं रस्ता फुटतो, एक करूळ घाटानं वैभववाडीला जातो आणि दुसरा भुईबावडा घाटानं खारेपाटणच्या बाजूला. करूळचा रस्ता २०२४ मध्ये काँक्रीटच्या कामासाठी बंद होता, त्यामुळं निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या हॉटेलवाल्याला फोन करून चालू काय आहे ते विचाराच. मला स्वतःला भुईबावडा जास्त आवडतो. रस्ता अरुंद आहे, वळणं एकाला एक लागून आहेत, पण वाहनं कमी, झाडी दाट आणि वळणावर गाडी बाजूला घेतली की खाली सगळं कोकण उघडं पडतं. मे मध्ये घाटात बायका करवंदं घेऊन बसलेल्या असतात, पानाच्या द्रोणात काळी करवंदं, ती घ्याच. मुलांची बोटं त्या चिकानं चिकट होणार आणि सीटला पुसली जाणार, ओला नॅपकिन हाताशी ठेवा.

खाली उतरलं की खारेपाटणवरनं विजयदुर्ग. हा किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज यानं बांधला असं मानतात, आणि आपल्या पन्हाळ्याचं बांधकाम पण त्याच्याच नावावर सांगतात, म्हणजे डोंगरावरचा किल्ला आणि समुद्रातला किल्ला एकाच घराण्याचे. मुलांना हे गाडीत सांगा, किल्ल्यावर गेल्यावर ती स्वतः तुलना करायला लागतात. पुढं शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये हा किल्ला घेतला. तीन तटांच्या आत फिरायला दोन तास तरी ठेवा, आणि ऊन चढायच्या आधी. सासू-सासऱ्यांना आत सगळं चालायला लावू नका, दरवाज्याच्या सावलीत बसूनसुद्धा खाडीचा वारा मस्त लागतो.

मुक्काम देवगड किंवा कुणकेश्वर. कुणकेश्वरचं मंदिर समुद्राला अगदी चिकटून आहे, संध्याकाळी तिथंच थांबायचं. आणि देवगडात आहात तर हापूस बागेतनं घ्या, हायवेच्या कडेच्या स्टॉलवरनं नको. बागवाल्याला सांगा की आठ दिवसांत खायचाय, तो अर्धे तयार अर्धे कच्चे असे लावून देतो. घरी आल्यावर पेटी बंद ठेवायची नाही, गवतात एका थरात आढी घालायची.

तिसऱ्या दिवशी देवगड-निपाणी रस्ता धरा. नांदगाव, फोंडा, मग घाट चढून दाजीपूर, आणि तिथनं राधानगरी. हा टप्पा माझ्या सगळ्यात आवडीचा. दाजीपूरपासनं दोन्ही बाजूला जंगल, मग बराच वेळ राधानगरी धरणाचं पाणी झाडांतनं दिसत राहतं. शाहू महाराजांनी १९०८ च्या सुमाराला हे धरणाचं काम हातात घेतलं, त्याकाळी भोगावतीवर एवढं मोठं धरण बांधायचं हा केवढा मोठा विचार होता, आणि आज त्याच पाण्यावर आपला ऊस उभा आहे. पुढं हळदीवरनं कोल्हापूर. दाजीपूरच्या पट्ट्यातनं अंधार पडायच्या आत बाहेर पडा. हे गव्यांचं अभयारण्य आहे आणि तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. समोर गवा दिसला तर गाडी लांबच थांबवा, हॉर्न नको, लाईट डीपर मारून त्याला डिवचायचं नाही, फोटोसाठी खाली तर अजिबात उतरायचं नाही. तो जाईपर्यंत थांबा. कळपातला एक गेला की मागनं अजून येतात, म्हणून लगेच गाडी सोडू नका.

प्रश्न : मला गाडी चालवता येते, शहरात रोज चालवते, पण घाट म्हटलं की घरचे म्हणतात तू नको चालवूस. मला शिकायचंय. कुठनं सुरुवात करू? (कदमवाडीतल्या एक वाचक)

उत्तर : शिकाच. घाट चालवणं हे धाडस वगैरे काही नाही, ती सवय आहे आणि ती कुणालाही लागते. घरच्यांना भीती वाटते ती समजू शकते, पण त्यावर उपाय तुम्हाला शेजारच्या सीटवर बसवणं हा नाही.

पहिल्यांदा पन्हाळा करा. २० किलोमीटरवर आहे, रस्ता चांगला आहे, चढ आहे पण वळणं अंगावर येत नाहीत. सकाळी सहाला निघायचं, वर चहा प्यायचा, खाली यायचं. मग जोतिबा, फक्त रविवार सोडून, रविवारी तिथं देवाचा वार असतो आणि त्या गर्दीत शिकायचं नाही. हे दोन्ही हातात बसले की गगनबावडा.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड असतं हे लक्षात ठेवा. उतरताना साधा नियम, जो चढ ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेकवर फक्त वळणाआधी पाय जातो. जे लोक पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडतात ते सगळा भार ब्रेकवर टाकतात, सतत ब्रेक दाबून ते तापतात आणि मग दाबला तरी धरत नाहीत. जळकट वास आला तर समजायचं ब्रेक तापलेत. रुंद जागा बघून थांबा, वीस-पंचवीस मिनिटं गाडी गार होऊ द्या आणि चाकावर पाणी ओतू नका. गाडी ऑटोमॅटिक असेल तर तिच्यात एल किंवा मॅन्युअल मोड असतो तो घाटात वापरायचा.

आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या, वळण संपेपर्यंत आपली बाजू सोडू नका आणि चढणाऱ्या गाडीला पहिली वाट द्या. हा नुसता शिष्टाचार नाही, नियमच तसा आहे, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी परत उचलणं फार अवघड असतं. तुम्हाला स्वतःला चढावर थांबावं लागलं तर हँडब्रेक लावा, क्लच हळू सोडून गाडी ओढायला लागली की मगच हँडब्रेक सोडा. ही एकच गोष्ट घराजवळच्या एखाद्या चढावर दहा-पंधरा वेळा करून बघितली की निम्मी भीती तिथंच जाते. आणि मागनं कोण हॉर्न मारत आला तर त्याला जागा मिळेल तिथं जाऊ द्या, त्याच्यासाठी स्पीड वाढवू नका.

प्रश्न : माझ्या मुलीला घाटात हमखास गाडी लागते, त्यामुळं आम्ही जायचंच टाळतो. काय करावं? (इचलकरंजीतले एक वाचक)

उत्तर : दादा, जायचं टाळू नका. आपल्या डोळ्याला समोरची सीट स्थिर दिसते आणि कानाला वळण कळत असतं, या दोन्हीचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. म्हणून मुलीच्या हातातला मोबाईल पहिला काढून घ्या, घाटात कार्टून बघणाऱ्या पोराला उलटी होणारच. तिला मागच्या सीटवर मधे बसवा, बेल्ट लावून, म्हणजे समोरच्या काचेतनं लांबचा रस्ता दिसतो. पोट रिकामं पण नको आणि तुडुंब पण नको, निघायच्या आधी तासभर हलकं काहीतरी, तिखट-तेलकट मिसळ परत आल्यावर. काच थोडी उघडी ठेवा, गाडीतला सेंटचा डबा काढून टाका. आल्याची वडी, आवळा सुपारी यानं बऱ्याच जणांना बरं वाटतं. गोळी द्यायची असेल तर वयाप्रमाणं किती द्यायची ते डॉक्टरांना विचारून, आणि ती घाट सुरू व्हायच्या बरीच आधी द्यावी लागते, मळमळायला लागल्यावर उपयोग होत नाही. आणि चालवणारे तुम्ही असाल तर वळणावर गाडी फेकू नका हो, बऱ्याचदा पोरीला नाही, बापाच्या ड्रायव्हिंगला औषध लागतं.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र, बाईकवरनं एका दिवसात जाऊन येण्यासारखं काय? गर्दी नको. (शिवाजी पेठेतला एक वाचक)

उत्तर : अणुस्कुरा. कळ्यावरनं बाजारभोगाव आणि पुढं घाट. वर कड्यावर थांबलास की खाली राजापूरच्या बाजूचं कोकण दिसतं आणि पावसाळा सोडला तर फारसं कुणी नसतं. कोकणातनं वर माल यायची जी जुनी दगडी पायवाट होती तिचे फरसबंदीचे दगड अजून आहेत, वेळ काढून थोडं चालून बघ. टाकी कोल्हापुरातच फुल्ल कर, नेटवर्क मधे जातं म्हणून नकाशा आधी डाऊनलोड कर, हेल्मेट दोघांनी. दुपारी तीनच्या आत परतीला लाग, कारण मे मध्ये वळीव येतो तो दुपारनंतरच येतो आणि आपल्याकडचा वळीव नुसता पाऊस नसतो, वारं सुटतं, फांद्या पडतात. गडगडायला लागलं तर झाडाखाली थांबू नको, जवळचं गाव गाठ.

प्रश्न : मुलाला सुट्टी २५ मे नंतरच मिळणार आहे. तेव्हा कोकणात जाण्यात अर्थ आहे का? (गडहिंग्लजमधले एक काका)

उत्तर : आहे काका, पण मालवणला समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला बघायचा ठरवून जाऊ नका. पावसाळ्यासाठी होड्या मे च्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. १ जूनपासनं मासेमारी पण दोन महिने बंद असते, म्हणजे ताज्या सुरमईसाठी जायचं असेल तर ३१ मे च्या आत. तुम्ही गडहिंग्लजचे, तुम्हाला आंबोली दारात आहे, तर आजऱ्यावरनं आंबोलीत दोन दिवस राहा आणि एक दिवस सावंतवाडी-वेंगुर्ला करून परत वर या. आंबोलीतले धबधबे तेव्हा कोरडे असतात, ते बघायला जुलैत परत जा, पण हिरण्यकेशीचा उगम, कावळेसाद, महादेवगड पॉइंट हे सगळं तेव्हा निवांत बघून होतं. आणि मुलाला अजून एक दिवस सवड असली तर परत येताना वाट वाकडी करून राधानगरीला एक मुक्काम टाका. मे संपताना पहिला वळीव पडून गेला की तिथं झाडंच्या झाडं काजव्यांनी भरतात. स्थानिक माणूस बरोबर घ्या, गाडीचे लाईट आणि मोबाईलची टॉर्च बंद ठेवा, उजेड पडला की काजवे लुकलुकायचे थांबतात. रूम मात्र आत्ताच फोन करून सांगून ठेवा, त्या आठवड्यात राधानगरीत ऐनवेळी जागा मिळत नाही.