नोकरी करणाऱ्यांची दोन अनुदानित रात्र महाविद्यालयं एकत्र केली तर विद्यार्थ्यांचा फायदा होतो का?

होतो, कागदावर.

तुम्ही लिहिलंय की ठाण्यातलं तुमचं रात्र कॉलेज दुसऱ्या मोठ्या कॉलेजात विलीन करायचं घाटतंय, तर डिग्रीचं काय होईल आणि विरोध करावा का. डिग्रीची काळजी सोडा. डिग्री विद्यापीठ देतं. दोन्ही कॉलेजं मुंबई विद्यापीठाचीच असतील तर मार्कशीटवर कॉलेजचं नाव तेवढं बदलेल, आणि मुलाखतीत ते कोणी बघत नाही. विरोधाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण आमचं कॉलेज असंच हलवलं होतं.

वीसेक वर्षांपूर्वी मी वागळे इस्टेटला लेथवर होतो आणि रात्री बी.कॉम. करत होतो. कॉलेज स्टेशनजवळ, एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर. बाकं पाचवीच्या पोरांची, गुडघे आत जायचे नाहीत. हात कितीही धुतले तरी कूलंटचा वास जात नसे, माझ्या अकाउंट्सच्या वहीत डेबिटच्या बाजूला कायम बोटांचे ठसे. पण आमचे अकाउंट्सचे सर पहिल्या तासाला मस्टर काढतच नसत. दुसरा तास संपता संपता काढायचे, कारण पाचची शिफ्ट साडेपाचला सुटते आणि तीन हात नाक्यावर बस कशी अडकते हे त्यांना ठाऊक होतं. कुठल्याही नियमात न बसणारी ही सोय, आणि निम्मा वर्ग तिच्यावर पास झाला.

मग संस्थेने आमचा वर्ग घोडबंदर रोडच्या आपल्याच मोठ्या कॉलेजात नेला. तिथे सगळं होतं. कॉम्प्युटर लॅब, मोठं वाचनालय, पिण्याचं थंड पाणी. आणि सव्वासहाला मस्टर बंद. माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून कोण पोहोचणार? माझ्यासोबत दिव्याची एक मुलगी होती, औषधांच्या गोदामात पॅकिंगला. ती यायची वेळेवर, तिचं अडायचं परतीला. साडेनऊला तास सुटल्यावर मानपाड्याहून शेअर रिक्षा भरेपर्यंत उभं राहायचं, मग स्टेशन, मग लोकल, मग दिव्याला उतरून अंधारातून चालत. घरच्यांनी दिवाळीपर्यंत चालवून घेतलं. पुढे ती आलीच नाही. संस्थेच्या अहवालात ती ‘गळती’ झाली.

आमचे भाऊजी सरकारी नोकरीतून निवृत्त. त्यांच्याशी माझा हा वाद आजतागायत चालू आहे. त्यांचं म्हणणं, पटसंख्या कमी तिथे पैसा का घालायचा? नव्या शैक्षणिक धोरणातला आकडा त्यांना पाठ आहे: २०४० पर्यंत प्रत्येक संस्थेत ३,००० किंवा जास्त विद्यार्थी असावेत, असं २०२० च्या धोरणात उद्दिष्ट आहे. आहेच. पण माझ्या मते तो आकडा दिवसभर कॅम्पसवर असणाऱ्या पोराला शोभतो. दिवसभर मशीनवर उभं राहून येणाऱ्याला ३,००० सोबती नकोत, वेळेत गाठता येईल असा एक वर्ग हवा.

भाऊजींचा दुसरा हुकमाचा पत्ता म्हणजे स्कॉटलंडमधलं ग्लासगो शहर. त्यांचा मुलगा तिकडे असतो. २०१० साली तिथली तीन सरकारी कॉलेजं एकत्र करून सिटी ऑफ ग्लासगो कॉलेज झालं, पुढे नव्या मोठ्या इमारती झाल्या. फोटो मलाही दाखवलेत, छान आहेत. पण ती तिन्ही कॉलेजं शहराच्या मध्यावर, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. आमच्यासारखी नाक्यानाक्याच्या सिग्नलांनी तोडलेली नव्हती. शिवाय त्याच वर्षांत स्कॉटलंडमधल्या कॉलेजांत अर्धवेळ शिकणारे झपाट्याने कमी झाले, त्यातही बायका आणि पंचविशीच्या पुढचे जास्त. याला एकटं विलीनीकरण कारणीभूत नव्हतं, सरकारने पैसा पूर्णवेळ शिकणाऱ्या तरुणांकडे वळवला होता. पण एकत्रीकरण आणि पैशाचं हे वळण बरोबर आले की मार कोणाला बसतो ते दिसलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ऑफिस एक करा, परीक्षा विभाग एक करा, खरेदी एक करा, प्राचार्यही एक ठेवा. वर्ग जिथे भरतो तिथून हलवू नका. भाऊजी म्हणतात, मग बचत कसली? अहो, बचत करायची तर ऑफिसात करा, दिव्याच्या मुलीच्या रिक्षाभाड्यातून का?

आता हेही लिहायला हवं, की काही रात्र कॉलेजं खरंच नावापुरती आहेत. कागदावर प्रवेश भरलेले, वर्ग रिकामा, शिकवायला एकच माणूस. ती नेली तर मला काही म्हणायचं नाही. आणि नवी जागा स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर असेल तर तुम्हीही उगाच भांडत बसू नका.

नाहीतर प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. ‘आमचा विरोध आहे’ असं मोघम लिहू नका, त्याला केराची टोपली ठरलेली. नेमकं काय विचारायचं ते लिहा: पहिला तास किती वाजता, मस्टर कधी बंद होणार, शेवटचा तास किती वाजता सुटणार, आणि चालू बॅच आहे तिथेच पूर्ण होणार का. वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या, प्रत्येकाच्या नावापुढे कामाचं ठिकाण आणि शिफ्टची वेळ. एक प्रत विद्यापीठाकडे. दोन्हीकडे शिक्क्याची पोच घ्या, नुसतं टेबलावर ठेवून येऊ नका.