पुढच्या वर्गात जाताना कुठं अडतं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा आणि सून दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. नात सातवीत आहे, नातू पाचवीत. या खेपेला धाकट्या लेकराला सांभाळायला नातीला सोबत न्यायचं म्हणतात आणि नातवाचा दाखला काढून कारखान्याजवळच्या शाळेत घालायचं चाललंय. वर्ष वाया जाईल का?
– एक आजोबा, धारूर तालुका, जि. बीड

उत्तर : आजोबा, दोघांपैकी कुणाचाही दाखला काढू देऊ नका. पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये माणसं गावी परततात. तोवर एका शाळेतून नाव निघालेलं असतं आणि दुसरीत हजेरी चार महिन्यांचीच असते. मग लेकरू कुठल्याच शाळेचं राहत नाही. ऊसतोडीवाल्या घरांत शाळा सुटते ती बहुतेकदा याच फटीत.

शक्य असेल तर दोघांना गावीच ठेवा. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आई-बाप स्थलांतरित असले तरी मुलं गावातच राहून शिकतात आणि त्यांच्या जेवणाची सोय होते. त्यासाठी माणसं निघायच्या आधी यादी व्हावी लागते. सप्टेंबर संपायच्या आत मुख्याध्यापकांकडे दोघांच्या नावाचा लेखी अर्ज द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. गाडी भरायच्या दिवशी जाऊन सांगितलं तर फार उशीर झालेला असतो.

न्यावंच लागलं तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्या. ते दाखवून मूल तिथल्या जवळच्या शाळेत बसतं आणि नाव गावच्या शाळेतच राहतं. परतताना तिथली हजेरी आणि शिकलेल्या भागाची नोंद पत्रकावर करून आणायला तुमच्या मुलाला बजावून सांगा. तिथल्या शाळेनं दाखल्यावाचून अडवलं, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 सांगा. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मात्र कारखाना कर्नाटकात असेल तर जवळची शाळा बहुधा कन्नड माध्यमाची असते, तिथं हमी पत्रकाचा उपयोग थोडाच.

नातवाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या. आठवीपर्यंत कुणालाच नापास करत नाहीत हे आता पूर्ण खरं नाही. राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. प्रत्येक विषयात 35 टक्के गुण लागतात. कमी पडले तर पुन्हा परीक्षा होते, तिच्यातही राहिलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. नातीला हा नियम लागू नाही, तरीही तिची काळजी जास्त वाटते. सातवीची मुलगी एक हंगाम कोपीवर (तोडीच्या झोपडीत) लेकरू सांभाळत राहिली की आठवीला पटावर नाव असतं आणि मुलगी वर्गात नसते. बाळासाठी दुसरी सोय शोधा. मुलाशी आणि सुनेशी हे तुम्हीच बोलू शकता, आणि बोलाच.

प्रश्न : मुलगा आठवी चांगल्या गुणांनी पास झाला. नववीच्या पहिल्या घटक चाचणीत गणितात 20 पैकी 4. शिकवणी लावू का?
– एक आई, सेलू, जि. परभणी

उत्तर : शिकवणी लावण्याआधी त्याचं नेमकं कुठं चुकतं ते बघा. नववीची शिकवणी नववीचंच शिकवते, आणि अशा मुलांचं अडलेलं असतं पाचवी ते सातवीचं.

एका कागदावर 20 गणितं द्या, चार प्रकारची, प्रत्येकी पाच : दोन अंकी संख्येनं भागाकार, वेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्या आणि कंसापुढे वजा असलेली राशी. वेळ लावू नका. ज्या प्रकारात तीन किंवा जास्त चुकतील तिथून सुरुवात करायची.

उत्तर बरोबर की चूक एवढ्यावर थांबू नका, कच्चं काम वाचा. 1836 ला 18 नं भागायला द्या. पुष्कळ मुलं उत्तर 12 लिहितात. 18 एके 18 झाल्यावर 3 खाली घेतात, 3 मध्ये 18 जात नाही म्हणून लगेच पुढचा 6 घेतात आणि मधलं शून्य लिहायचंच राहतं. खरं उत्तर 102. उत्तराला भाजकानं गुणायची सवय असती तर 12 गुणिले 18 म्हणजे 216 बघून चूक जागीच कळली असती. अपूर्णांकात दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांश म्हणजे पाच सप्तमांश लिहिलं असेल, तर समच्छेद करणं मुळात समजलेलं नाही. अशा वेळी भाकरीचे तुकडे करून दाखवा, नुसती रीत पाठ करून घेऊ नका. कंसाचं उदाहरण : 5x − (2x − 3). उत्तर 3x − 3 आलं असेल, तर वजाचं चिन्ह त्यानं कंसातल्या पहिल्याच पदाला लावलंय. बरोबर उत्तर 3x + 3.

ही शेवटची चूक नववीत ‘बहुपदी’त आणि ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या प्रकरणात पानोपानी नडते. रोज अर्धा तास, एका वेळी एकच प्रकार, आठ-दहा दिवस. पाचातली पाच सलग तीन दिवस बरोबर आली की पुढचा प्रकार घ्यायचा. दिवाळीपर्यंत पाया भरतो. मग शिकवणी लावलीत तरी तिचा उपयोग होईल.

प्रश्न : मुलगी आठवीच्या एनएमएमएस या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेत निवडली गेली. आता शिष्यवृत्ती आपोआप जमा होईल ना?
– वसमत, जि. हिंगोली

उत्तर : नाही. नववीत गेल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो. तो शाळेनं आणि नंतर जिल्हा पातळीवर तपासला नाही तर वर्षाचे 12,000 रुपये हातचे जातात. नूतनीकरण दरवर्षी करायचं. बँक खात्याला आधार जोडलेलं हवं आणि आधार, निर्गम उतारा (शाळेच्या नोंदवहीचा उतारा) व पासबुकावर नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. दहावीत 60 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 55. शाळा बदलायची असेल तर नवी शाळा शासकीय, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित आहे ना, ते आधी विचारा. विनाअनुदानित शाळेत गेली की शिष्यवृत्ती थांबते.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेतून मराठी माध्यमात दहावी झालो, 88 टक्के आहेत. लातूरला अकरावी सायन्स घ्यायचंय. इंग्रजीची भीती वाटते.
– एक विद्यार्थी, लोहा, जि. नांदेड

उत्तर : प्रवेशाचं आधी. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रमात पहिलं नाव विचार करून टाक. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथंच प्रवेश घ्यावा लागतो.

आता इंग्रजीचं. तुला विज्ञान येतं, फक्त त्याची इंग्रजी नावं माहीत नाहीत. बालभारतीच्या संकेतस्थळावरून दहावी विज्ञानाची इंग्रजी पुस्तकं मोफत उतरवून घे. मराठी पुस्तकातलेच धडे, त्याच आकृत्या त्यात आहेत. दोन्ही शेजारी ठेवून आधी आकृत्यांखालची नावं वाच, मग व्याख्या, परिच्छेद सगळ्यात शेवटी. सुरुवात ‘गुरुत्वाकर्षण’, ‘भिंगे’ आणि ‘कार्बनी संयुगे’ या धड्यांनी कर, अकरावीत त्यांचं काम लगेच पडतं. रोज दहा संज्ञा, प्रत्येकीचं एक वाक्य स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहायचं. चाल म्हणजे स्पीड आणि वेग म्हणजे व्हेलॉसिटी अशा जोड्या नीट वेगळ्या ठेव. इथं गोंधळ झाला तर गणित येत असूनही उत्तर चुकतं.

‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण आमचं मत इंग्रजीच्या बाजूनं आहे. दोन वर्षं वर्ग, पुस्तकं आणि सराव चाचण्या इंग्रजीत करून शेवटच्या दिवशी मराठी संज्ञा आठवत बसायला वेळ नसतो, आणि भाषांतराबद्दल वाद झाला तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात.

लातुरात चाचण्या सतत असतात आणि पहिल्या दोन-तीन चाचण्यांत गुण एकदम खाली येतात. यात घाबरून शाखा बदलायची नाही. प्रत्येक पेपरानंतर चुकांच्या तीन याद्या कर : प्रश्न कळला नाही, संकल्पना कळली नाही, आकडेमोड चुकली. पहिली यादी दिवाळीपर्यंत आखडायला हवी. तशी आखडली नाही, तर खोलीवर एकट्यानं कुढू नकोस. वर्गशिक्षकांना त्या याद्या दाखव आणि घरी फोन करून खरे गुण सांग.