स्वस्त आणि झपाट्याने वाढणाऱ्या भागात राहायला जावं का?

जायला हरकत नाही. फक्त एक गोष्ट आधीच धरून चाला: 'स्वस्त' आणि 'वाढता' ही दोन विशेषणं एका जागी फार वर्षं एकत्र नांदत नाहीत. तुम्हाला जी स्वस्ताई दिसतेय ती मुदतीची आहे. ती मुदत किती आणि तेवढ्यात तुमचं बस्तान बसेल का, हा खरा प्रश्न.

तुम्ही लिहिलंय की पगाराचा मोठा वाटा भाड्यात जातो, तुमचं काम घरून होतं, जोडीदाराला मात्र तिथे नव्याने नोकरी शोधावी लागेल. मी स्वतः अशाच कारणासाठी बिऱ्हाड हलवलं आणि अजून तिथेच आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी हिशेब. राहणीमानाच्या खर्चाची तुलना करणाऱ्या वेबसाइट टक्केवारी दाखवतात आणि माणूस तिथेच हुरळतो. समजा आज मिळकत १०० आहे आणि खर्च ८०: त्यात घर ३०, शाळा-दुरुस्ती-घरकाम अशा स्थानिक सेवा २०, उरलेले ३० इतर. नव्या जागी घर निम्म्यात मिळालं, म्हणजे १५. सेवा १५ वर आल्या. पण फोन, गाडी, औषधं, कर्जाचे हप्ते, आईवडिलांना पाठवायचे पैसे यांना तुम्ही कुठे राहता याच्याशी देणंघेणं नसतं. ते ३० तसेच. एकूण खर्च ६०. आता दोघांची मिळून मिळकत ८० वर आली, तर शिल्लक आधीही २० आणि आताही २०. मग फायदा काय झाला? म्हातारपणही तिथेच काढणार असाल तर झाला, कारण ते २० तिथे जास्त पुरतील. मुलांचं शिक्षण किंवा परतीचं घर महागड्या शहरातच व्हायचं असेल, तर काहीच झाला नाही.

त्या वेबसाइटवर न दिसणारे खर्चही असतात. सार्वजनिक वाहतूक नसेल तर घरात दुसरी गाडी लागते. कराचंही तसंच: टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही म्हणून लोक धाव घेतात, आणि मग घरावरचा मालमत्ता कर बघून डोळे पांढरे होतात. आणि घरून काम करणाऱ्यांनी पगाराबद्दल मालकाकडून लेखी घ्यावं. २०२० मध्ये फेसबुकने जाहीरच केलं होतं की स्वस्त ठिकाणी गेलेल्या कर्मचाऱ्यांचे पगार त्या ठिकाणाप्रमाणे बदलतील. 'आमच्याकडे असं काही नाही' हे तोंडी आश्वासन साहेब बदलला की संपतं.

आता वाढीकडे या. ती कशामुळे होतेय, हे बघितल्याशिवाय पाऊल उचलू नका. नॉर्थ डकोटातल्या विलिस्टन या लहानशा गावात शेल नावाच्या खडकातून तेल काढण्याच्या लाटेत इतकी माणसं लोटली की २०१४ च्या सुमारास तिथली भाडी अमेरिकेतल्या सर्वांत महागड्या शहरांच्या तोडीची झाली. त्याच वर्षाच्या मध्यापर्यंत तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर होतं. २०१६ च्या सुरुवातीला ते ३० च्या खाली घसरलं. कामं आटली आणि भाडी कोसळली. एका धंद्यावर उभी असलेली वाढ अशीच असते. चढत्या काळात ती भाडेकरूला पिळते, उतरत्या काळात घरमालकाला. मोठं शहरही यातून सुटत नाही: मोटारींच्या जोरावर डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास होती, २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखही भरली नाही.

याउलट टेक्सासमधलं ऑस्टिन शहर. २०२१-२२ मध्ये तिथेही भाडी भडकली, पण घरबांधणी इतक्या जोरात झाली की २०२३ पासून भाडी उतरू लागली. शहर वाढायचं थांबलं नव्हतं, घरं माणसांपेक्षा वेगाने वाढली होती. म्हणून मी आजचं भाडं किती यापेक्षा दरवर्षी किती नव्या घरांना परवानगी मिळते, हे आधी बघेन. माणसं येताहेत आणि बांधकाम अडलंय, असं दिसलं तर स्वस्ताईची मुदत संपत आलीय असं खुशाल समजा.

पाण्याचीही चौकशी करा. २०२३ मध्ये अ‍ॅरिझोना राज्याने फिनिक्सच्या परिसरात निव्वळ भूजलावर विसंबून उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतींना मंजुरी देणं थांबवलं. स्वस्त, ऐसपैस जमीन बऱ्याचदा कोरडी असते. तसंच दवाखान्याचं: वस्ती आधी वाढते, तज्ज्ञ डॉक्टर मागाहून येतात. घरात कुणाला कायमचं दुखणं असेल तर त्या विषयाच्या डॉक्टरची वेळ किती आठवड्यांनी मिळते, हे फोन करून विचारा. फोनला काही पैसे पडत नाहीत.

मला तुमच्यापेक्षा तुमच्या जोडीदाराची काळजी जास्त वाटते. मोठं शहर महाग असूनही लोक तिथे का चिकटून राहतात, याचं एक उत्तर आल्फ्रेड मार्शल या अर्थतज्ज्ञाने १८९० मध्येच दिलंय: एकाच कसबाची माणसं आणि ती हवी असणारे मालक तिथे दाटीने असतात. एक नोकरी गेली तर दुसरी त्याच शहरात मिळते. लहान ठिकाणी त्या कामाची संस्था एकच असते, आणि तिथे वाजलं तर पुन्हा बिऱ्हाड हलवावं लागतं. मात्र काम कुठलं, यावर बरंच अवलंबून आहे. अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेट्टी यांच्या अंदाजाप्रमाणे उच्च तंत्रज्ञानातली एक नोकरी कालांतराने त्याच शहरात इतर पाचेक नोकऱ्या उभ्या करते; शिक्षक, परिचारिका, वकील, केशकर्तनकार, असे सगळे त्यात आले. जोडीदार यांपैकी काही असेल तर वाढता भाग आनंदाने सामावून घेईल. अगदी विशिष्ट संशोधनातलं काम असेल, तर पहिली नोकरी हातात येईपर्यंत सामान बांधू नका. मिळालीच, तर ती गेल्यावर दुसरी कुठे, हेही तेव्हाच विचारून ठेवा.

घर लगेच विकत घेऊ नका. एक वर्ष भाड्याने राहा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, सगळं अंगावरून जाऊ दे. पण तीन-चार वर्षं नुसतं बघत बसलात आणि वाढ खरी निघाली, तर तिथलंही घर हाताबाहेर जाईल. तुमचं सध्याच्या शहरात घर असतं तर मी ते घाईने विकू नका म्हणालो असतो, कारण महागातून स्वस्तात उतरता येतं, उलट चढणं फार कठीण. तुम्ही भाड्याने राहता, म्हणजे तो पेच नाही. पण परतायची वेळ आली तर लागणारी अनामत आणि काही महिन्यांचं भाडं बाजूला काढून ठेवा, आणि ते पैसे नव्या घराच्या सजावटीत घालू नका.

शेवटी, चौकशी कुणाकडे करायची. स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या रेव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्ये नोंदवलंय की माणसांच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहाबरोबर एक उलटा प्रवाहही वाहत असतो. तिथे राहणारे लोक आपला निर्णय बरोबरच होता असं सांगतील (मीही तेच करतोय, हे लक्षात असू द्या), आणि घरं विकणारे तर सांगतीलच. तिथून दोन-तीन वर्षांत परत आलेली माणसं शोधा. 'कसं होतं' असं मोघम विचारू नका. 'परतायचं ठरवलं त्या महिन्यात काय झालं होतं' असं विचारा. उत्तरात नोकरी, दवाखाना किंवा मुलांची शाळा आली आणि तुमच्याही घरी तीच नड असली, तर दुसरा भाग बघा. नुसतं 'करमेना' आलं, तर ते ज्याचं त्याला ठाऊक. मला दीडेक वर्षाने करमायला लागलं.