लेन्स बदलण्याआधी: डीव्हीडीचं चित्र अर्ध्यावर फुटतं तेव्हा

‘सेंटरवाला म्हणतो लेन्स गेली, नवा डेक टाका’ (डेक म्हणजे डिस्क फिरवणारा, वाचणारा आतला अख्खा भाग) हे तुमच्या डीव्हीडी प्लेअरबद्दलचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. इथे बडोद्यात आम्हालाही हेच उत्तर मिळालं होतं, तेही झाकण न उघडता. त्या सेंटरचं नाव घेत नाही, पण त्याबद्दल पुढे लिहितोच.

तुमची तक्रार अशी: व्हीसीडी शेवटपर्यंत सुरळीत चालतात. नाटकांच्या डीव्हीडी मात्र अर्ध्यावर आल्या की चित्राचे चौकोनी तुकडे होतात, आवाज अडकतो. शिवाय नव्या एलईडी टीव्हीवर हलणाऱ्या हातांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. हे दोन वेगळे दोष आहेत. रेघांचा लेन्सशी काहीएक संबंध नाही. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर सरळ उठून या.

आधी तुकड्यांचं बघू. व्हीसीडी शेवटपर्यंत चालते ही मोठी खूण आहे. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे भरलेली व्हीसीडी संपेपर्यंत लेन्स बाहेरच्या कडेपर्यंत जाऊन आलेली असते. तेव्हा लेन्स ज्यावरून सरकते त्या रुळावरचं ग्रीस सुकलं, लेन्स पुढे सरकत नाही, ही शक्यता जवळजवळ बाद. व्हीसीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीसाठी ६५० चा. दोन्ही एकाच लेन्समागे बसवलेले असले तरी डायोड, म्हणजे लेझर देणारे पुर्जे, वेगळे. डीव्हीडीवरचे माग, म्हणजे माहितीच्या ओळी, एकमेकांपासून ०.७४ मायक्रॉनवर, व्हीसीडीचे १.६ वर. म्हणून लेन्सवर पातळ धूर-धूळ बसली की पहिली रडते ती डीव्हीडी.

आता ‘अर्ध्यावर’ म्हणजे नेमकं कुठे? प्लेअरवरची वेळ कागदावर लिहा. ८.५ जीबीच्या दोन थरांच्या डिस्कमध्ये पहिला थर आतून बाहेर जातो आणि दुसरा बहुधा बाहेरून आत येतो. म्हणजे नाटकाचा मध्य हीच डिस्कची बाहेरची कड, आणि बोटांचे ठसे नेमके तिथेच असतात. थर बदलताना क्षणभर चित्र थांबणं हा दोष नव्हे. पण दुसरा थर सुरू झाल्यापासून शेवटपर्यंत तुकडेच तुकडे असतील तर लेन्स मळली आहे किंवा लेझर अशक्त झाला आहे. एका थराच्या डिस्कवरून ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत येतो, दोन थरांच्या डिस्कवरून जेमतेम १८ ते ३०. अशक्त लेझर तिथे आधी हरतो. म्हणून एक ४.७ जीबीची डीव्हीडी पूर्ण लावून बघा. ती चालली आणि दोन थरांची सगळी अडखळली, तर लेन्स पुसा. एकच डिस्क एकाच मिनिटाला अडखळत असेल तर दोष त्या डिस्कचा, प्लेअरला हात लावू नका.

तिसरी शक्यता सेंटरवाले कधीच सांगत नाहीत: पॉवर सप्लाय. डिस्क फिरू लागताच डिस्प्ले मंद होतो, प्लेअर आपोआप बंद होऊन चालू होतो किंवा ‘नो डिस्क’ येतं, तर ५ व्होल्टच्या लाइनवरचा कपॅसिटर (वीज साठवणारा डबीसारखा पुर्जा) बघा, वरचा भाग फुगलेला असतो. डिस्क फिरताना मल्टिमीटरवर ४.७५ च्या खाली आकडा गेला तर तोच चोर. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा, १०५ अंशांचा टाका आणि उणे बाजू नीट जुळवा. काही रुपयांचं काम आहे.

लेन्स पुसण्याची पद्धत. प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा, कारण सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. (विजेच्या कामाची भीती वाटत असेल तर जाणकाराला बसवा, मी इथून जबाबदारी घेऊ शकत नाही.) कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने हवा मारा, तोंडाने नाही, थुंकी उडते. मग कापसाच्या काडीवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन हलक्या हाताने एकदाच फिरवा. लेन्स बारीक तारांवर तरंगती असते, दाबली की वाकडी बसते. हात धुण्याचं सॅनिटायझर चालत नाही, त्यातल्या ग्लिसरीनचा थर राहतो. थिनर, ॲसिटोन तर प्लास्टिकच खातात. वाळल्यावरच झाकण लावा, आणि चालू प्लेअरच्या लेन्समध्ये डोकावू नका. ब्रशवाल्या क्लीनिंग डिस्कवर माझा विश्वास नाही. कोरडी धूळ जाते, चिकट थर जात नाही.

आता त्या सेंटरबद्दल. पिकअपवर, म्हणजे लेन्स आणि लेझर बसवलेल्या भागावर, दोन बारीक पोटेन्शिओमीटर (करंट कमी-जास्त करायचे ‘पॉट’) असतात, एक सीडीचा, एक डीव्हीडीचा. ते फिरवले की लेझरला जास्त करंट जातो आणि मळलेल्या लेन्समधूनही डिस्क वाचली जाते. गिऱ्हाईक खूश, ‘लेन्स सर्व्हिसिंग’चं बिल फाडलं जातं. काही दिवसांनी डायोड जळतो आणि मग ‘अख्खा डेकच गेला, साहेब’. आमच्याकडे अगदी हेच झालं. पॉट फिरवल्याचं बिलात कुठेही नव्हतं आणि जुना पिकअप मागितला तर ‘कचऱ्यात गेला’. पुढल्या दिवाळीच्या पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला प्लेअर भंगारात काढावा लागला. म्हणून देण्याआधी दोन्ही पॉटचे मोबाइलवर जवळून फोटो काढा, जुना भाग परत हवा हे पावतीवर लिहून घ्या, आणि पिकअपचा नंबर (केएचएम-३१३ किंवा एसएफ-एचडी६२ असा) उतरवून ठेवा. नुसता पिकअप काहीशे रुपयांत मिळतो, अख्खा डेक घ्यायची गरज क्वचितच. नव्या पिकअपवर स्टॅटिकपासून बचावासाठी कथलाचा एक ठिपका असतो. रिबन (चपटी वायर) जोडल्यावर तो काढावा लागतो, नाहीतर नवा कोरा पिकअपही ‘नो डिस्क’च म्हणतो. हे न कळल्यामुळे ‘माल खराब आला’ म्हणून परत पाठवणारे मेकॅनिक आहेत!

रेघांचं कारण सोपं. व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतलेल्या नाटकांत सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, एकात विषम ओळी, पुढच्यात सम. एलईडी टीव्ही पूर्ण चित्र एकदम दाखवतो. या अर्ध्या चित्रांची जोडणी नीट झाली नाही की रेघा. एचडीएमआय असेल तर तीच वायर लावा. नसेल तर लाल-हिरवी-निळी कंपोनंट लावून प्लेअरमध्ये प्रोग्रेसिव्ह (पूर्ण चित्र एकदम पाठवणारं सेटिंग) चालू करा. नुसती पिवळी पिन असताना ते चालू करू नका, पडदा काळा होतो. झालाच तर रिमोटवरचं पी-स्कॅन किंवा व्ही-मोड बटण दाबत राहा. नव्या टीव्हीत पिवळी पिन बहुधा हिरव्या सॉकेटात जाते. सोर्स एव्ही न ठेवता कंपोनंट ठेवला तर चित्र कृष्णधवल दिसतं.

आणि ‘टीव्ही टाइप’ १६:९ करा. ४:३ लेटरबॉक्सवर (वर-खाली काळ्या पट्ट्या) राहिलं तर ५७६ पैकी ४३२ ओळीच वापरल्या जातात, वर टीव्हीवर झूम, मग चित्र धुरकट होणारच. शार्पनेस शून्याजवळ आणा, माझ्या मते दुकानातलं सेटिंग हा निव्वळ अत्याचार आहे. तीन सिनेमे एका ४.७ जीबीत कोंबलेल्या डिस्कला मात्र इलाज नाही. सेकंदाला जेमतेम १४०० किलोबिट उरतात, काळोखातले चौकोन दिसणारच.

डिस्क पुसताना मधून कडेकडे सरळ, गोल नाही. मागाच्या दिशेने पडलेला ओरखडा दुरुस्त करणं प्लेअरला जड जातं. व्हीसीडीच्या छापील बाजूला जास्त जपा, माहितीचा थर तिथेच लाखेखाली असतो. २०२४ च्या ऑगस्टअखेर इथल्या विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलेल्यांपैकी असाल तर चिखल सुकू न देता साध्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, कव्हरचा कागद वेगळा वाळवा. बुडालेला प्लेअर सुकल्यासारखा दिसला तरी प्लग लावू नका. पावसाळ्यात प्लेअर सेट-टॉप बॉक्सखाली दाबून न ठेवता आठवड्यातून अर्धा तास चालवा, लेन्सवर बुरशी धरत नाही.

लग्नाच्या, मुंजीच्या घरी लिहिलेल्या डीव्हीडी असतील तर त्यांची कॉपी आजच काढा. जांभळ्या छटेच्या त्या डिस्कमधला रंग ऊन-उष्णतेने उडतो आणि कुठलीही लेन्स ते परत आणत नाही. अडखळणारी डिस्क असेल तर कॉम्प्युटरवर लिनक्समधलं डीडीरेस्क्यू हे कॉपी काढणारं सॉफ्टवेअर वापरा, ते चांगला भाग आधी उचलतं आणि खराब जागांवर नंतर पुन्हा प्रयत्न करतं. रात्रभर चालू द्यावं लागलं तरी बंद करू नका.