शंख वाजवा ना एकदाचा

चि. लेखिकाबाई,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. हॅरी पॉटरचे सातही भाग सहाव्यांदा काढलेस, यावेळी लिहायला शिकायचं म्हणून, आणि दहाव्या पानावर शिकणं बाजूला राहून गोष्टीत वाहून गेलीस. वर विचारतेस, माझं काही चुकतंय का. चुकतंय. पुढे काय होतं ते तुला तोंडपाठ आहे, तरी तू त्याच्याचसाठी वाचतेस.

सगळं पुस्तक वाचूच नकोस. एक वस्तू धर आणि तिचा माग काढ. ती पहिल्यांदा दिसते ते पान उघड आणि स्वतःला एवढंच विचार: या पानावर हिचं काम काय? पुढे काय ते सोड. या पानावर.

ते कपाट घे. सहाव्या भागात, म्हणजे २००५ साली, हॅरीचा शाळेतला वैरी माल्फॉय ज्याच्यातून शत्रूला शाळेत आणतो ते. त्याची जोडी होती, एक शाळेत आणि एक दुकानात. आता १९९८चा दुसरा भाग काढ, चौथं प्रकरण. हॅरी चुकून भलत्याच दुकानाच्या चुलाण्यात येऊन पडलाय. काचेबाहेर माल्फॉय बापलेक दिसतात. लपायचं कुठे? समोर मोठं काळं कपाट. हॅरी आत शिरतो, बघण्यापुरती फट ठेवतो. पोरगं दुकानात इकडेतिकडे करत एका शापित हाराजवळचं कार्ड वाचतं आणि शेवटी कपाटासमोर येऊन मुठीकडे हात नेतं. तेवढ्यात बाप म्हणतो, झालं, चल. आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि कपाट विसरतो. विसरणारच, त्याचं काम झालेलं असतं. (तो हारही सहाव्या भागात परत येतो. बघ शोधून.)

दुसरं कपाट त्याच पुस्तकात, आठव्या प्रकरणात. चिखल केला म्हणून शाळेचा रखवालदार फिल्च हॅरीला शिक्षा करायला बसलाय आणि बरोबर त्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर काहीतरी धाडकन आदळतं. हॅरीला सोडवायला निक या भुतानेच पीव्ह्ज या दुसऱ्या खोडकर भुताला ते कपाट आपटायला लावलेलं. आपण हसतो. पुन्हा तेच बघ: कपाट तिथे वाट बघत उभं नाहीये, त्या पानावर राबतंय.

रोलिंगबाईंना, म्हणजे मूळ लेखिकेला, हे सगळं तेव्हाच ठाऊक होतं की नंतर सुचलं, यावर वाद घालणारे खूप आहेत. मला त्यात रस नाही. नंतर सुचलं असलं तरी वस्तू मागे धडधाकट पडलेली होती म्हणूनच उचलता आली ना?

पाचव्या भागातलं, पुढे फार महत्त्वाचं ठरणारं लॉकेट तर मी पेन्सिलीने तीनदा अधोरेखित केलंय. हॅरीच्या धर्मपित्याचं, सिरियसचं घर झाडताना निघालेल्या अडगळीची यादी आहे, त्यात मध्येच एक जड लॉकेट, कुणालाच न उघडलेलं. लगेच पुढे सिरियसच्या आजोबांचं पदक आणि त्यावरचा टोमणा. टोमण्याला हसताना लॉकेट निसटतं. यादीत तरी त्याचं काम काय, म्हणशील. अडगळ होणं, हेच काम!

आता माझं ऐक. पंचवीस वर्षांपूर्वी मी मुलांच्या एका मासिकात जादूची कथामाला लिहीत होतो. पहिल्याच भागात आजी नायकाच्या हातात शंख ठेवते आणि म्हणते, "जप हो याला, वेळ आली की कळेल." झालं! अकरा महिने तो शंख पिशवीत. पोरगा नदी ओलांडतो, शंख पिशवीत. राक्षस येतो, शंख पिशवीत. एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं, वाकड्यातिकड्या अक्षरात: "काका, शंख वाजवा ना एकदाचा." पुढे संपादकांनी पानं कमी केली आणि माला बंद पडली. संपादकांमुळे बंद पडली, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. पानं कमी झाली हे खोटं नाही, दोनाची एक झाली होती. एका पानात कुणी राक्षस मारून दाखवावा! पण पहिल्या भागात त्या शंखाने पोराला नदीचं पाणी प्यायला दिलं असतं, नाहीतर कुत्रा हाकलायला नुसता फेकून मारला असता, तरी चाललं असतं. मला सुचलं नाही. मी तेव्हा राज्याचे नकाशे काढत होतो.

तूही नकाशेच काढतेयस. चाळीस पानांत सात राज्यं, नऊ राजघराणी, आणि पहिल्या प्रकरणात आजीने दिलेला आरसा, "नीट सांभाळ" म्हणून. तो वाचला आणि कपाळावर हात मारला. अगं, त्या आरशात कुणाला तरी भांग पाडू दे! फुटू दे, विकायला काढू दे, त्याच्यावरून आईचा मार खाऊ दे. त्या पानावर काम दे त्याला. आणि ते लेखन शिकवणारे व्हिडिओ बघणं थांबव. तासभर बघतेस आणि ओळ लिहीत नाहीस. मला कळतं, मीही व्हिडिओ नव्हते तेव्हा पुस्तकं वाचून हेच केलंय.

रविवारी ये. सगळं लिखाण नको, आरशाचं एकच पान आण, हाताने लिहिलेलं. आणि माझा हॅरी पॉटरचा दुसरा भाग परत कर. तुझ्या बॅगेत पाण्याची बाटली गळते, आणि त्यात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.

तुझा,
काका

ता. क. ते पोस्टकार्ड अजून आहे माझ्याकडे. हवं तर दाखवीन, पण नेऊ देणार नाही.